झोपेचा पुरावा

वजनमापे निरीक्षकांचं डोकं चार किलो सहाशे ग्रॅम भरतं, ही गोष्ट सगळ्या बाजाराला एका मंगळवारी सकाळी साडेअकरा वाजता कळली.

झालं असं, की निरीक्षक बटाटेवाल्याचा काटा तपासायला गेले होते. खात्याची पितळी वजनं पेटीतून काढली, एकेक पुसून काट्यावर ठेवली, आकडे वहीत लिहिले. सगळं शिस्तीत झालं. मग बटाटेवाला परवाना शोधायला आत गेला आणि बराच वेळ आतच राहिला. परवाना सापडायचा तर तो आधी काढलेला असावा लागतो, त्याला तो बिचारा काय करणार! निरीक्षक स्टुलावर बसून वाट बघत होते. तो बाहेर आला तेव्हा साहेबांचं डोकं काट्याच्या ताटलीत होतं, तोंड उघडं होतं आणि घोरणं पलीकडच्या गल्लीपर्यंत ऐकू जात होतं. पिशव्या घेतलेली गिऱ्हाइकं रांगेत उभी होती आणि साहेबांना उठवायचं कुणी, यावर त्यांच्यात चर्चा चालली होती.

"साहेब," बटाटेवाला अदबीनं म्हणाला, "काटा बरोबर आहे ना? मग शिक्का मारा आणि डोकं उचला. लोक खोळंबलेत."

निरीक्षकांनी शिक्का मारला. परवान्याचं विचारायचं राहूनच गेलं, कारण गालावर ताटलीचा गोल उमटलेला असताना माणूस दरडावून बोलू शकत नाही. दुसऱ्या दिवसापासून खात्यात त्यांना 'साडेचार किलो' म्हणू लागले. नाव पडल्याचं निरीक्षकांना तेवढं दुःख नव्हतं. पण शंभर ग्रॅमची चूक, आणि तीही वजनमापे खात्यातल्या माणसांनी करावी, हे त्यांच्या जिव्हारी लागलं. एकदोघांना त्यांनी थांबवून दुरुस्ती सांगितलीसुद्धा. त्याचा व्हायचा तोच परिणाम झाला.

मुख्य निरीक्षकांनी मात्र केबिनमध्ये बोलावून सरळच सांगितलं, "एकदा झालं, मी हसून सोडून दिलं. पुन्हा बाजारात झोपलात तर पेटी जमा करायची आणि आवक-जावकच्या टेबलाशी बसायचं. अहो, उद्या गाडी चालवताना डोळा लागला तर?"

हे शेवटचं वाक्य निरीक्षकांच्या वर्मी बसलं. कारण गाडी चालवताना डोळा एकदा लागला होता. कुंपणाला घासून गाडी थांबली होती आणि हे घरात कुणालाही ठाऊक नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, एवढी झोप येते तर माणसानं रात्री नीट झोपावं. तिथंच तर सगळी गोम होती. निरीक्षक रात्री झोपत, पण झोपेत त्यांचा श्वास थांबे. सहा वर्षांपूर्वी हॉस्पिटलात अंगभर तारा लावून त्यांना एक रात्र झोपवलं, तेव्हा तासाला अडतीस वेळा थांबतो असं निघालं. त्यावर एक मशीन मिळालं. मशीनची नळी, नळीला मास्क, मास्क नाकावर, आणि पट्टे डोक्यामागून. हे मशीन रात्रभर एकाच दाबानं वारा सोडायचं. माणसाला श्वास घ्यायचाय का सोडायचाय, याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. शिवाय घरघर अशी, की आधी घोरण्यानं जागी राहणारी बायको आता दोन्हींनी जागी राहू लागली. आणि निरीक्षक पाऊण तासाच्या आत झोपेतच मास्क ओढून काढत. सकाळी तो कुठंही सापडे. कधी पलंगाखाली, कधी चपलेत, एकदा तर खिडकीच्या कडीला अडकवलेला. "मी काढलेला नाही," असं निरीक्षक दरवेळी छातीठोकपणे सांगत.

बायको यावर काही बोलत नसे. तिचं घराच्या पुढच्या खोलीत कपडे दुरुस्त करून देण्याचं दुकान होतं. हात फार चांगला, गिऱ्हाईक लांबून यायचं. पण अलीकडे तिचे डोळे कायम लाल असत आणि मागच्या आठवड्यात तिनं एका गृहस्थाच्या पँटीचे दोन्ही पाय खालून शिवून बंद केले होते. गृहस्थ सभ्य होते. त्यांनी घरी जाऊन फोन केला आणि एवढंच विचारलं, "पाय बाहेर कुठून काढायचे?"

तर असा सगळा प्रकार. निरीक्षक डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर म्हणाले, "हे मशीन तुम्हाला मानवत नाही. आता नवीन निघालंय, श्वासाप्रमाणे दाब आपोआप बदलतं. आवाज जवळजवळ नाहीच. विम्यातून घ्या. तीस दिवस हे जुनं जसं वापरता तसं वापरा, त्यातलं नोंदींचं कार्ड कंपनीला पाठवा, मी पत्र देतो."

'जसं वापरता तसं' हे तीन शब्द डॉक्टरांनी स्वच्छ उच्चारले होते. निरीक्षकांनी ते ऐकलेही होते. पण घरात शिरायच्या आतच समोरच्या घरातल्या निवृत्त ग्रंथपालांशी त्यांची गाठ पडली.

ग्रंथपाल हे भयंकर वाचलेलं प्रकरण होतं. चाळीस वर्षं पुस्तकांत काढल्यामुळे जगातल्या कुठल्याही विषयावर त्यांनी निदान मलपृष्ठ तरी वाचलेलंच असे. विमा कंपनीचा सतरा पानी अर्ज त्यांनी निरीक्षकांच्या हातातून काढून घेतला, चष्मा कपाळावर चढवला आणि एका रकान्यावर बोट ठेवलं.

"हे बघा. 'दररोजचा वापर, तास.' किती लिहिणार?"

"जे कार्डात असेल ते. पाऊण तास."

"पाऊण तास!" ग्रंथपालांनी अशा नजरेनं पाहिलं, की निरीक्षकांना पुस्तक फाडून परत आणल्यासारखं वाटलं. "अहो, दिलेलं मशीन जो पाऊण तास वापरतो त्याला कंपनी दुसरं कशाला देईल? म्हणतील, आहे तेच वापरा आधी. रोज कमीत कमी चार तास दिसले पाहिजेत. मी वाचलंय."

काय वाचलंय, कुठं वाचलंय, हे विचारायची पद्धत त्या गल्लीत नव्हती.

खात्री करावी म्हणून निरीक्षकांनी कंपनीला फोन लावला. 'एक दाबा, चार दाबा, आता पुन्हा एक दाबा' असं करता करता संगीत लागलं. 'आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' असं एक बाई दर मिनिटाला सांगत होत्या. अकराव्यांदा त्यांनी ते सांगितलं तेव्हा निरीक्षक ऐकत नव्हते. पंचवीस मिनिटांनी खरी बाई फोनवर आली आणि तिनं बराच वेळ "हॅलो, हॅलो" केलं. पुढं फाइलमध्ये तिची नोंद सापडली: 'ग्राहकाने दूरध्वनीवर घोरून दाखवले. हा पुरावा म्हणून ग्राह्य नाही.'

मग घरात बैठक बसली. निरीक्षकांची आई, कॉलेजात शिकणारी लेक, बायको आणि न बोलावता आलेले ग्रंथपाल. चार तास मास्क नाकावर ठेवायचा कसा? आईनं पट्टे मागून शिवून टाकायचं सुचवलं. लेकीनं मशीनचं पुस्तक वाचता वाचता मान वर केली.

"बाबा, या मशीनचा दिवस दुपारी बाराला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी बाराला संपतो. म्हणजे दुपारी लावलं तरी ते त्याच दिवसात धरतात."

"मी दुपारी बाजारात असतो."

"तुम्ही असता हो," ग्रंथपाल सावकाश म्हणाले. "मशीन तर घरीच असतं."

सगळ्यांनी एकमेकांच्या नाकांकडे पाहिलं.

"मला हे पटत नाही," बायको म्हणाली. "जे आहे ते पाठवा ना सरळ. डॉक्टर तेच म्हणालेत."

तिचं बरोबर होतं. पण आमच्याकडे एक खोड आहे. परीक्षा म्हटली की आपल्याला जे येतं ते लिहून आपण थांबत नाही. पुरवण्या जोडतो, रेघा मारतो, वही दोऱ्यानं बांधतो. तिकडून कुणी हजेरी मागितली की आपण शंभर टक्के देणार, मग माणूस घरी झोपलेला का असेना! निरीक्षकांनी बावीस वर्षांच्या नोकरीत लोकांची पोकळ वजनं, काट्याखाली चिकटवलेली लोहचुंबकं आणि ताटलीखाली दडवलेले खडे पकडले होते. आपल्या घरात नेमकं तेच चाललंय, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही असं नाही. त्यांनी फक्त त्या विचाराकडे पाठ फिरवली. आणि गाडी, कुंपण आणि बायकोचे लाल डोळे आठवून "बरं," म्हणाले.

फ्रिजवर पाळ्यांचा तक्ता लागला. दुपारी साडेबारा ते दीड आई. दोन ते तीन ग्रंथपाल. चार ते साडेपाच लेक. राहिलेला पाऊण तास रात्री निरीक्षक स्वतः, मूळ रुग्ण म्हणून. पाळ्या बदलताना स्पिरिटनं मास्क पुसायचं काम आईनं घेतलं, आणि ग्रंथपालांच्या पाळीनंतर ती तो दोनदा पुसायची.

पहिले दोन दिवस जरा अवघड गेले. मग लोक रुळले. आईला तर ते मशीन फार आवडलं. "काय गार वारा येतो गं! उगीच याला हे सोसत नाही. लहानपणापासूनचा नाजूक," असं ती पाळी संपल्यावर सांगे. लेक मास्क लावून अभ्यास करी, मैत्रिणी व्हिडिओ कॉलवर किंचाळत. ग्रंथपाल जाडजूड पुस्तक घेऊन आरामखुर्चीत बसत आणि मास्कच्या आतूनच सल्ले देत. ते कुणाला ऐकू येत नसत, त्यामुळे दुपारी दोन ते तीन हा त्या घरातला सगळ्यात सुखाचा तास झाला. बायको शेजारच्या खोलीत शिवणयंत्र चालवत असे. तिनं पाळी घेतली नाही, कुणाला अडवलंही नाही. तिच्या वाट्याला अर्जातलं एकच पान आलं होतं, 'खोलीत झोपणाऱ्या व्यक्तीचे निवेदन'. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, की हे निवेदन रुग्णाने वाचू नये, पाकीट बंद करून जोडावे. तिनं एका दुपारी ते लिहिलं, पाकीट चिकटवलं आणि पुन्हा कामाला लागली.

एकतिसाव्या दिवशी कार्ड, अर्ज, पाकीट, डॉक्टरांचं पत्र असं सगळं रवाना झालं. वापर रोज सव्वाचार तास. एकही सुटी नाही. ग्रंथपालांनी तर निरीक्षकांच्या पाठीवर थाप मारली.

तीन आठवड्यांनी कंपनीचं पत्र आलं. सगळे जमल्यावर लेकीनं मोठ्यांदा वाचलं.

"आपण मशीनचा वापर अत्यंत नियमितपणे केल्याबद्दल कंपनी आपले अभिनंदन करते."

"बघा!" ग्रंथपाल म्हणाले.

"आपल्या झोपेत श्वास थांबण्याचे प्रमाण तासाला अडतीसवरून चारवर आले असून हे निरोगी व्यक्तीइतके आहे."

"तो माझा श्वास," आई अभिमानानं म्हणाली. "या वयात!"

"सध्याच्या मशीनने आपण पूर्ण बरे झाला असल्याने नवीन मशीनची विनंती अमान्य करण्यात येत आहे. तसेच आता गरज उरली नसल्यास सध्याचे मशीन..." लेक थांबली. "सध्याचे मशीन पंधरा दिवसांत परत करावे."

ग्रंथपालांना एकदम घरी काहीतरी शिजत ठेवल्याची आठवण झाली आणि ते गेले. निरीक्षक खुर्चीत बसले ते बसलेच. तिघा धडधाकट माणसांनी मिळून त्यांना बरं करून टाकलं होतं. आणि ते स्वतः त्याच दुपारी खात्याच्या जिन्यात, तिसऱ्या पायरीवर, पेटी मांडीवर घेऊन दहा मिनिटं झोपून आले होते. मुख्य निरीक्षक वरून उतरत होते. ते त्यांना ओलांडून गेले आणि संध्याकाळी टेबलावर चिठ्ठी आली, की एक तारखेला पेटी जमा करावी.

बायकोनं पत्र वाचलं, घडी घातली आणि सुईतला दोरा दातानं तोडला. "मी सांगितलं होतं," असं ती म्हणाली असती तर निरीक्षकांना बरं वाटलं असतं. ती म्हणाली नाही. तिनं नुसते डोळे चोळले.

दुसऱ्या दिवशी निरीक्षकांनी रजा टाकली आणि विमा कंपनीच्या कार्यालयात गेले. कार्यालय चौथ्या मजल्यावर होतं. टोकन घ्यायचं, आपला आकडा पडद्यावर यायची वाट बघायची. त्यांचा एकशे सहा होता. एकशे एकला त्यांना पेंग यायला लागली, तेव्हा ते उठून उभे राहिले आणि भिंतीवरचं पाणी पिण्याच्या यंत्राचं प्रमाणपत्र तीनदा वाचलं. त्याची मुदत संपलेली होती, पण आज त्यांचा तो अधिकार नव्हता.

मंजुरी अधिकारी मध्यम वयाच्या बाई होत्या. टेबलावर फाइलींचा ढीग, एका बाजूला पाण्याची बाटली, बोटाला शाई. त्यांनी फाइल उघडली.

"तुम्ही बरे झालात. मग तक्रार काय?"

"मी बरा झालेलो नाही," निरीक्षक म्हणाले. "ते श्वास माझे नाहीत."

बाईंनी पेन खाली ठेवलं.

मग निरीक्षकांनी सगळं सांगितलं. आई, ग्रंथपाल, लेक, फ्रिजवरचा तक्ता, स्पिरिट. घरून निघताना त्यांनी ठरवलं होतं, की गोष्ट जरा मऊ करून सांगायची, 'तांत्रिक घोटाळा' वगैरे शब्द वापरायचे. पण बोलायला लागल्यावर त्यांना ते जमेना. बाजारात समोरचा माणूस असं मऊ बोलू लागला की त्यांना किती राग यायचा, ते त्यांना पुरतं ठाऊक होतं.

"मी वजनमापे निरीक्षक आहे," ते शेवटी म्हणाले. "माझ्यासमोर कुणी असं केलं असतं तर मी काटा जप्त केला असता आणि त्याला दंड केला असता. तुम्ही मला काय करायचं ते करा. नाव काढून टाका हवं तर. पण डॉक्टरांनी लिहिलंय ते खोटं नाही, आणि माझ्या बायकोनं जे काही लिहिलं असेल ते तर नक्कीच खोटं नाही. तिनं यात हात लावलेला नाही. एवढं तुमच्या कागदावर असू द्या."

बाईंनी फाइल पुन्हा जवळ ओढली. "या खुर्चीवर मला अकरा वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "लोक आजार लपवायला येतात, वाढवून सांगायला येतात. स्वतःची प्रकृती खोटी चांगली करून आणलेला पहिला माणूस बघतेय." मग त्यांनी फाइलीत खाली हात घातला आणि ते पाकीट काढलं. ते फोडलेलंच नव्हतं. "आकडे इतके उत्तम होते, की हे वाचायची कुणाला गरज वाटली नाही."

त्यांनी पाकीट फोडलं, मनातल्या मनात वाचलं. वाचताना त्यांचा चेहरा बदलला. "हे रुग्णाला दाखवायचं नसतं," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही आज बरंच खरं बोललात. ऐका."

आणि त्यांनी हलक्या आवाजात वाचून दाखवलं. शिवणाचं माप लिहावं तसं बायकोनं लिहिलं होतं, नेमकं आणि थोडक्यात. 'यांचा श्वास थांबला की मी मोजते. वीसच्या आत आला तर हलवत नाही, कारण सकाळी कामावर जायचं असतं. वीस झाले की खांद्याला हात लावते. असं सहा वर्षं चाललं आहे. मागच्या थंडीत एकदा सत्तेचाळीसपर्यंत गेलं. त्या दिवशी मला हातच उचलेना. मग श्वास आपला आपण आला. तेव्हापासून मी पहाटेपर्यंत झोपत नाही. नवीन मशीन मिळालं तर फार बरं होईल.'

निरीक्षकांनी जन्मभर मोजण्याचंच काम केलं होतं. आपल्याच खोलीत, आपल्या शेजारी, अंधारात कुणीतरी रोज मोजत बसलंय आणि आपल्याला त्याचा पत्ता नाही! त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. बाईंनी पाण्याची बाटली त्यांच्याकडे सरकवली आणि आपण संगणकाकडे बघत राहिल्या.

मग त्यांनी कार्डाचा छापील कागद पुढं ओढला, पट्टी घेतली आणि लाल पेनानं दुपारचे सगळे तास एकेक करून खोडायला सुरुवात केली. तीस दिवसांचे. आई गेली, ग्रंथपाल गेले, लेक गेली. राहिलं ते रात्रीचं.

"रोज पाऊण तास. त्यात श्वास थांबतोय तो थांबतोयच. आणि मग मास्क काढलेला." त्यांनी नियमांचं पुस्तक उलटं करून निरीक्षकांसमोर धरलं. "वाचा. नियम बावीस."

निरीक्षकांनी वाचलं. 'जुने मशीन सहन होत नसल्याने ज्या रुग्णाचा वापर सरासरी दोन तासांहून कमी आहे, अशा रुग्णास आपोआप दाब बदलणारे मशीन मंजूर करावे.'

"म्हणजे पाऊण तासच पाठवला असता तर..."

"पहिल्याच आठवड्यात मंजूर झालं असतं," बाई म्हणाल्या. "चार तासांचा नियम आहे, पण तो मशीन परत काढून घ्यायचं का नाही यासाठी. तुम्हाला कुणी सांगितलं?"

निरीक्षकांनी नाव घेतलं नाही. शेजारधर्म म्हणून नव्हे, तर ते ऐकायला ग्रंथपाल हजर नव्हते म्हणून.

"मला एक कागद लागेल," बाई म्हणाल्या. "दुपारचे श्वास कुणाकुणाचे, किती ते किती, आणि सगळ्यांच्या सह्या. पुन्हा असं केलंत तर मात्र मी दया करणार नाही."

निरीक्षक घरी आले तेव्हा बायको कोटाच्या बाहीला अस्तर लावत होती. ते तिच्यासमोर उभे राहिले.

"तू मोजतेस?"

तिनं सुई थांबवली. कुणी सांगितलं, हे तिनं विचारलं नाही. "मग काय करू?"

"मला कधी सांगितलं का नाहीस?"

"सांगून काय झालं असतं? तुमची झोप उडाली असती."

निरीक्षकांना हसू आलं आणि लगेच रडूही आलं. ते तिथेच चिंध्यांच्या ढिगावर बसले आणि गाडीची, कुंपणाची गोष्ट त्यांनी तिला सांगून टाकली. ती ऐकताना तिचा रंग उडाला. मग तिनं त्यांना जे बोलायचं ते सहा वर्षांचं एकदम बोलून घेतलं. आई आतून डोकावली आणि परत गेली. निरीक्षकांनी सगळं खाली मान घालून ऐकलं. त्यांना फार हलकं वाटत होतं.

सह्यांचा कागद संध्याकाळी तयार झाला. आईनं सही करताना 'वय अठ्ठ्याहत्तर' असं मुद्दाम घातलं. ग्रंथपाल आधी नाही म्हणत होते, त्यांना कायद्याची भीती वाटत होती. "आम्ही तर ज्ञानदान केलं," वगैरे सुरू झालं. शेवटी त्यांनी सही केली ती अशी, की ती कुणाची आहे हे कंपनीला सात जन्मांत कळू नये. पण कंपनीच्या डॉक्टरांना वेगळंच काहीतरी कळलं. मंजुरीच्या पत्राला त्यांनी स्वतःच्या हातानं एक ओळ जोडली होती: 'दुपारी दोन ते तीन या वेळेत जे गृहस्थ होते ते शेवटच्या वीस मिनिटांत झोपी जात होते व मास्क असूनही त्यांचा श्वास थांबत होता. त्यांनी तातडीने तपासणी करून घ्यावी.'

ही ओळ निरीक्षकांनी स्वतः समोरच्या घरी नेऊन वाचून दाखवली. ग्रंथपालांच्या तोंडचं पाणी पळालं. "आता मी काय करू हो?" असं त्यांनी निरीक्षकांना विचारलं. बावीस वर्षांच्या शेजारात त्यांनी कुणाला काही विचारायची ही पहिलीच वेळ. निरीक्षकांना फार काही बोलता आलं असतं. त्यांनी फक्त डॉक्टरांचा पत्ता दिला आणि सोमवारी सोबत येतो म्हणून सांगितलं.

नवीन मशीन शुक्रवारी आलं. चपलांच्या खोक्याएवढं, पांढरं, मास्क फक्त नाकपुड्यांपुरता. मुख्य निरीक्षकांनी डॉक्टरांचं पत्र वाचून पेटी जमा करण्याची चिठ्ठी महिनाभर पुढं ढकलली. म्हणाले, "बघू या." निरीक्षकांना तेवढं पुरे होतं. शनिवारी सकाळी ते उठले तेव्हा मास्क जिथं लावला होता तिथंच होता. दाढी करताना आरशातला माणूस त्यांना ओळखीचा वाटला, बऱ्याच दिवसांत न भेटलेला. बायको मात्र त्या रात्रीही जागीच होती. आवाज येत नाही म्हणून ती सारखी उठून बघत होती, म्हणाली.

रविवारी सकाळी दहा वाजले तरी ती उठली नाही. आई खुणांनी बोलत होती. लेक मोजे घालून चालत होती. सव्वादहाला दार वाजलं. कोटवाला तरुण, दुपारी नोकरीची मुलाखत, कोट हवा. कोट तयार होता, फक्त मधलं बटण लावायचं राहिलं होतं.

"ताईंना उठवा की. दोन मिनिटांचं काम आहे."

"नाही," निरीक्षक म्हणाले.

"आजारी आहेत का?"

"नाही हो. चांगली आहे. झोपलीय." त्यांनी तरुणाला स्टुलावर बसवलं, सुईत दोरा ओवला (सातव्या प्रयत्नात), वरच्या आणि खालच्या बटणातलं अंतर पट्टीनं मोजलं, मध्य काढला, खडूनं खूण केली आणि बटण शिवलं. बोटाला तीनदा टोचलं. बटण असं बसलं, की तो कोट फाटेल पण ते निघणार नाही. तरुण गेला.

अकरा वाजून वीस मिनिटांनी आतून धडपडल्याचा आवाज आला. बायको केस तसेच, एका पायात चप्पल, दारात येऊन उभी राहिली. चेहरा घाबराघुबरा.

"किती वाजले? काय झालं? तुम्ही बरे आहात ना?"

"मी बरा आहे."

"मग मला जाग कशी नाही आली? मी तर दहापर्यंतही मोजलं नाही..." ती थांबली. तिनं त्यांच्याकडे नीट पाहिलं, मग बाहेरच्या उन्हाकडे पाहिलं. "इतकी कशी झोपले मी?"

"झोप अजून," निरीक्षक म्हणाले. "मी इथंच बसलोय. दार वाजलं तर मी बघतो."

तिनं क्षणभर विचार केला. कोट गेला का, दूध आलं का, असं काहीतरी विचारायला तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. मग ती वळली आणि खरंच आत जाऊन पुन्हा झोपली.